जुन्या एसयूव्हीसाठी जुळणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा शोधायचा

त्याच वर्षाची, त्याच नावाची गाडी सापडली म्हणजे तिचा गिअरबॉक्स आपल्या गाडीत बसेलच असं नाही. १९९९ ची जीप ग्रँड चेरोकी घ्या. चार लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनामागे ४२आरई गिअरबॉक्स, तर ४.७ लिटरच्या व्ही-८ मागे ४५आरएफई. बाहेरून गाडी तीच, आतलं केसिंग आणि वायरिंग वेगळं. टोयोटाचा ए३४० उलट अनेक गाड्यांत सापडतो, पण शेवटचं अक्षर बदललं की माल बदलतो: ए३४०ई फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा, ए३४०एफ फोर-बाय-फोरचा. म्हणून शोध गाडीच्या नावाने नाही, गिअरबॉक्सच्या कोडने करायचा.

आधी खात्री: गिअरबॉक्सच गेलाय ना?

गिअर झटका मारतो किंवा उशिरा पकडतो, एवढ्यावर नवा गिअरबॉक्स शोधायला निघू नका. कमी ऑइल, खराब स्पीड सेन्सर, गंजलेला कनेक्टर, अडकलेला सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेचा वाल्व्ह), ही सगळी कारणं तेच लक्षण दाखवतात आणि ती दुरुस्त होतात. स्कॅनर लावल्यावर पी०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या (म्हणजे गिअरबॉक्सच्याच) कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे. खरा दोष त्याच्या सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतो.

मग खालचं पॅन उघडा. चुंबकावर राखाडी, गुळगुळीत लेप ही नेहमीची झीज आहे. पितळी कण, धातूच्या चकत्या, क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे आणि जळका वास सापडला, तर आतलं काम संपलं आहे. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. २००५ ते २०१० च्या निस्सान पाथफाइंडरमध्ये ही खोड सगळ्यांच्या ओळखीची आहे. अशा वेळी रेडिएटर न बदलता दुसरा गिअरबॉक्स बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

कोड कुठे वाचायचा

फोर्डमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, टोयोटात गाडीच्या डेटा प्लेटवर, जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या खणातल्या तीन अक्षरी कोडांच्या लेबलवर. तिथे एम३० दिसलं तर गिअरबॉक्स ४एल६०ई, म्हणजे जनरल मोटर्सचा चार गिअरचा. पण हे लेबल गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं आहे. वीस वर्षांच्या गाडीत मधल्या कुणी मालकाने गिअरबॉक्स बदललेला असू शकतो. त्यामुळे गाडी नीट स्टँडवर घेऊन खाली जा, केसिंगवरची प्लेट किंवा ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करा आणि फोटो काढा. झेडएफ या जर्मन कंपनीच्या गिअरबॉक्सवर धातूची पट्टी असते, तिच्यावरचा पूर्ण पार्ट नंबर हवा. नुसतं ‘४एचपी२२’ पुरत नाही. प्लेट गेलीच असेल तर पॅनचा आकार आणि बोल्ट मोजा. ४एल६०ई च्या पॅनला १६ बोल्ट, ४एल८०ई ला १७.

अमेरिकन गाड्यांसाठी भंगारवाले हॉलंडर या पार्ट-कॅटलॉगचा इंटरचेंज नंबर वापरतात. एकमेकांच्या जागी बसणाऱ्या भागांना तो एकच नंबर देतो. शोध आटोपशीर करायला उत्तम आहे, पण प्लेट वाचण्याला पर्याय नाही.

न जुळणाऱ्या जागा

इंजिनाच्या बाजूने बघायला सुरुवात करा. बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट इंजिनाच्या घराण्यानुसार बदलतात. शेव्हरोलेच्या पिकअप-एसयूव्हींत १९९६ पासून ४एल६०ई चं बेलहाउसिंग सुटं निघतं, आधीच्यात ते केसिंगचाच भाग होतं. टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) वेगळा: जुन्या इंजिनांमागे २९८ मिमीचा, जनरल मोटर्सच्या नव्या एलएस घराण्याच्या व्ही-८ मागे ३०० मिमीचा. दोघांचे पंप आणि इनपुट शाफ्ट वेगळे, त्यामुळे अदलाबदल होत नाही. कन्व्हर्टर नेहमी गिअरबॉक्सच्या जोडीचाच घ्या.

सगळ्यात जास्त फसगत मागच्या टोकाला होते. फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) शिरतो, तिथल्या स्प्लाइनचे दाते मोजलेच पाहिजेत. जुन्या जीप चेरोकीतला एडब्ल्यू४ याचं चांगलं उदाहरण आहे: सुरुवातीच्या गाड्यांत २१ दाते, १९९१ च्या सुमारास ते २३ झाले. केसिंग सारखंच दिसतं, बसवायला गेलं की अडतं. उपाय दोन: ट्रान्स्फर केसचा इनपुट गिअर बदलायचा, किंवा ट्रान्स्फर केससकट जोडी घ्यायची. जोडी घेणार असाल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट कोणत्या बाजूला उतरतो आणि स्पीडोमीटरचा सेन्सर कसा आहे, तेही जुळवा.

मग वायरिंग. कनेक्टर बसला म्हणजे विजेचं जमलं असं समजू नका. १९९३-९४ च्या ४एल६०ई मध्ये लॉकअपसाठी (कन्व्हर्टर घट्ट जोडून घसरण थांबवायला) साधा चालू-बंद सोलेनॉइड होता, १९९५ पासून त्याच्या जोडीला दाब हळूहळू बदलणारा दुसरा सोलेनॉइड आला. नव्या गाडीत जुना टाकला की कॉम्प्युटर तो दुसरा सोलेनॉइड शोधत बसतो आणि एरर देतो. निस्सानचा आरई५आर०५ए किंवा झेडएफचा ६एचपी२६ असेल तर कंट्रोलर गिअरबॉक्सच्या पोटातच असतो, त्याला गाडीशी प्रोग्राम करावं लागतं. जुनं युनिट धड असेल तर तेच नव्या केसिंगमध्ये बसवणं बऱ्याचदा सोपं. कूलंट शिरलेल्या गिअरबॉक्समधलं मात्र कधीही बसवू नका.

चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बसवायचा मोह अनेकांना होतो. कॉम्प्युटर, वायरिंग, गिअर लिव्हर सगळं बदलायची तयारी नसेल तर त्यात पडू नये.

सेकंडहँड निवडताना

विकणाऱ्याकडून मूळ गाडीचा चासिस नंबर, किलोमीटर आणि ती भंगारात का गेली हे विचारा. मागून धडक बसलेल्या चालू गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा सुखरूप असतात. समोरून आपटलेलीत बेलहाउसिंगच्या कानांना तडे आहेत का ते बोट फिरवून बघा. पाण्यात बुडालेली गाडी असेल तर सरळ नाही म्हणा. ऑइल बघा, जमलं तर पॅन उघडा, कन्व्हर्टरच्या नळीवर खोल चरे नाहीत ना ते पाहा. कूलरच्या नळ्यांची तोंडं उघडी ठेवून महिनोन् महिने बाहेर पडलेला माल टाळा. न बसल्यास परत घेण्याचं लेखी घ्या. एवढी माहिती मिळत नसेल, तर स्वतःचाच गिअरबॉक्स खोलून रिबिल्ड करणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं. जुळण्याचा प्रश्नच उरत नाही.

बसवताना बिघडतं ते इथे

गिअरबॉक्स बाहेर आहे तोवर पंपाचं सील, इंजिनाचं मागचं मेन सील, फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट बदला. कन्व्हर्टरमध्ये साधारण एक लिटर ऑइल ओता, मग तो फिरवत फिरवत आत ढकला. शाफ्ट आणि पंपाच्या खाचा एकेक करून पकडतात तसा तो टप्प्याटप्प्याने ‘टक’ करत आत उतरतो. केसिंग इंजिनाला हाताने पूर्ण टेकलं पाहिजे, आणि त्यानंतर कन्व्हर्टर मोकळा फिरून फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाला लागलेल्या, कन्व्हर्टर बसतो त्या चकतीपासून) साधारण ३ ते ५ मिमी मागे राहिला पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढलंत तर पंप तुटतो.

कूलर आणि नळ्या फ्लश करा. धातूचा भुगा खूप निघाला असेल तर कूलर नवा टाका. नवा गिअरबॉक्स काही दिवसांत जातो तो अनेकदा जुन्याच्याच भुग्याने.

ऑइल गिअरबॉक्सच्या कोडप्रमाणे घ्या. क्रायस्लरला एटीएफ+४, मित्सुबिशीच्या अनेक गिअरबॉक्सना एसपी-३, टोयोटाच्या नव्या पिढीला डब्ल्यूएस. चुकीच्या ऑइलने क्लच थरथरतात. कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसह बहुतेकदा ९ ते १४ लिटर लागतं. आधी चार-पाच लिटर टाकून इंजिन चालू करा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा, मग थोडं थोडं भरत जा. पातळी बहुतेक गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवूनच आणि मॅन्युअलमधल्या तापमानालाच बघा. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये बाजूच्या प्लगमधून बारीक धार येईपर्यंत भरायचं असतं.

जुना गिअरबॉक्स लगेच देऊन टाकू नका. ब्रॅकेट, डिपस्टिकची नळी, स्पीड सेन्सर, सिलेक्टरचा लिव्हर यातलं काहीतरी हमखास त्याच्यावरूनच काढावं लागतं. नवा पाचेकशे किलोमीटर नीट चालला, पातळी पुन्हा तपासली आणि स्कॅनर कोरा निघाला, की मग जुना हलवा.