मुंबई ते न्यूयॉर्क: आईबाबा निघण्याआधी

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात आणि येताना एखाद-दीड तास कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि परतीला ते पाठीशी असतात. हे आकडे आधी कागदावर लिहून घ्या. बाकीची तयारी त्यांच्यावरून ठरते.

सुरुवात औषधांपासून करा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये रात्री दीडला विमान सुटलं, तर ते आपल्या संध्याकाळी साडेपाचला उतरतं; तिथे मात्र त्याच तारखेची सकाळ असते, आठ वाजलेले. मागच्या खेपेला बाबांनी रक्तदाबाची सकाळची गोळी आपल्या आठ वाजता विमानात घेतली, आणि उतरल्यावर तिथे आठ वाजलेले बघून "सकाळ झाली" म्हणून दुसरी घेतली. मध्ये जेमतेम साडेनऊ तास गेले होते. सुदैवाने काही झालं नाही, पण मी दिवसभर फोन हातातून सोडला नाही. म्हणून आता डॉक्टरांकडूनच वेळा ठरवून घेते, भारतीय वेळेनुसार चिठ्ठीवर लिहिते आणि उतरेपर्यंत बाबांच्या मनगटावरचं घड्याळ बदलू देत नाही. इन्सुलिन असेल तर हे आणखी महत्त्वाचं. सगळी औषधं आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत; इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकू नये, खाली गारठून ते निकामी होऊ शकतं.

सोळा तास बसून पाय सुजतात, पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. आईला कडेची सीट आधीच घेऊन ठेवा, म्हणजे उठताना तिला कुणाचा संकोच वाटणार नाही. पाणी पीत राहायला सांगा. "सारखं बाथरूमला जावं लागतं" म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि विमानातली हवा तर फार कोरडी असते. व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटासोबतच नोंदवा. त्यात कमीपणा काही नाही, इमिग्रेशनची रांग खरंच लांब असते.

खाऊचं थोडक्यात: भाजणी, मेतकूट, मसाले चेक-इनच्या बॅगेत, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीलिटरपेक्षा जास्त पूड हातात नेली तर अडवू शकतात. आंबे आणि ताजा कढीपत्ता घरीच राहू द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. नेलेला खाऊ फॉर्मवर किंवा विचारल्यावर सरळ सांगावा. पॉवर बँक मात्र हातातच.

मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टजवळ ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. परतीच्या तिकिटाची प्रतही तिथेच असू द्या. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, हे अधिकारी विचारतातच.

आणि इथे मागे राहणाऱ्यांनी पहाटे उठून फोन लावत बसू नये. विमान वेळेवर असेल तर दिवेलागणीच्या सुमारास त्यांचाच येईल.