कापडी बटण : आतल्या चकतीपासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

कापड चढवलेलं बटण बिघडलं की शिव्या कापडाला बसतात. घोळ बहुतेक वेळा आत असतो. जुने इंग्रज शिंपी आतल्या चकतीला ‘मोल्ड’ म्हणायचे. ती लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असायची, मधोमध एक भोक, आणि तिच्यावर कापड किंवा रेशमी दोरा चढवायचा. पत्र्याची दाबून बसवायची बटणं आली, तसा हा शब्द मागे पडला आणि चकती हाताळायची रीतही विसरली गेली. आता ऐतिहासिक नाटकांच्या कोटांसाठी किंवा हौसेने हाताने शिवलेल्या जॅकेटसाठी पुन्हा लाकडी चकत्या घेतल्या जातात आणि पुन्हा त्याच चुका होतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे ‘चकतीच्या दुप्पट गोल कापा’ हा मंत्र. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड सपाट चकती घ्या. रुंदी २५, दोन्ही कडांची जाडी मिळून ६, आणि मागे वळवायला प्रत्येक बाजूला ६ : झाले ४३ मिमी. दुप्पट केलं तर ५०. हे जादा कापड मागे गोळा होतं, बनातीसारख्या जाड लोकरी कापडात तर गाठच बसते. बटण तिरकं उभं राहतं आणि काजातून जाताना अडतं. उलट १२ मिमीची ४ मिमी जाड चकती घेतली, तर १२ आणि ८ आणि वळणाचे प्रत्येक बाजूला ४ असे ८ मिळून २८ मिमी लागतात. दुप्पट म्हणजे २४, म्हणजे वळायला प्रत्येक बाजूला जेमतेम २ मिमी. चुण्या ओढल्या की धागे सुटून कड बाहेर. तेव्हा मंत्र सोडा आणि फीत घ्या. घुमटदार चकतीवर ती मागच्या कडेपासून माथ्यावरून पलीकडच्या कडेपर्यंत धरा आणि त्या मापात मागे वळवायचं कापड मिळवा. मग एक गोल रद्दी कापडाचा कापून चढवून बघा. या एका गोलाचा कंटाळा करणारे पुढे डझनभर बटणं उसवत बसतात.

चकतीची कड बोटाला टोचली तर ती कापडालाही टोचणार. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि भूसा पुसून टाका.

आता डागांचं. पेशवाईतल्या एका नाटकात इंग्रज रेसिडेंटच्या कोटाला फिकट रेशमाची बटणं लावली होती. चकत्या कच्च्या, गडद लाकडाच्या. शिवून झाल्यावर उत्तम दिसत होती. प्रयोगाआधी कोणीतरी कोटावर वाफेची इस्त्री फिरवली आणि प्रत्येक बटणाच्या माथ्यावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला. बाभळीसारख्या कषाययुक्त (टॅनिन असलेल्या) लाकडाला ओल लागली की रंग सुटतो आणि तो थेट रेशमात चढतो. असा डाग धुऊन निघेल या आशेवर राहू नका. बटणं पाण्यात घातली तर लाकूड आणखी रंग सोडेल आणि वर फुगेलही. कापड उतरवून नवंच चढवावं लागतं. म्हणून फिकट कापडाखाली फिकट रंगाचं लाकूड घ्यावं. वापरण्याआधी एक चकती ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा, फडकं स्वच्छ राहिलं तरच पुढे जा. हाडाच्या चकतीचा त्रास वेगळा : चरबी नीट काढलेली नसेल तर तेलकट पिवळे ठिपके येतात.

पातळ रेशमातून लाकडाचा रंग दिसतोय म्हणून दोन थर घेता? घ्या, पण आतला मलमलीचा गोल वळण न धरता, फक्त माथा आणि कड झाकेल एवढाच कापा. दोन्ही थर मागे वळवले की पुन्हा तीच गाठ.

गोंद नको. तो रेशमातून वर येतो, वाळून कडक होतो आणि दुरुस्तीची वाट बंद करतो. घाई असेल तर बाजारातलं तयार बटण लावा, ते बरं.

दोरा दुहेरी घ्या आणि मेणावरून ओढा. साधा एकेरी पॉलिएस्टर दोरा चुण्या ओढताना घसरतो. धावदोरा कडेपासून २ मिमी आत, टाके बारीक. ओढून गाठ मारली की तिथेच थांबू नका. मागच्या तोंडावर समोरासमोर आडवे-उभे सहा-आठ टाके मारा. बटण कोटाला धरून राहतं ते या जाळीवर. गाठीलाच कोट टांगणाऱ्यांची बटणं रस्त्यात सापडतात.

बटण लावताना ते आणि कोट यांच्या मध्ये काडेपेटीची काडी धरा, मग ती काढून दोरा गुंडाळा. दोऱ्याची ही मान काजाच्या बाजूच्या कापडाच्या थरांएवढी उंच हवी, नाहीतर काजापाशी सुरकुती पडते.

मखमलीचे गोल कापताना लव एकाच दिशेला ठेवा. प्रत्येक गोलामागे खडूने बाण काढला की पुरे.

कोट कोणत्या काळातला आहे तेही बघा. १७२० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात कायद्याने कापडी बटणांवर बंदी आली होती, रेशीम आणि मोहेर (अंगोरा बकरीच्या केसांचा) दोऱ्याच्या बटणांचा धंदा टिकावा म्हणून. त्या काळातल्या लंडनच्या कोटाला कोटाच्याच कापडाची बटणं लावण्यापेक्षा चकतीवर रेशमी दोरा गुंडाळलेला बरा.

आणि इस्त्री बटणावर नाही, बटणाभोवती फिरवायची.