बेटिंग एक्स्चेंजचं कमिशन: ॲनालिस्टच्या जॉबला निघालेल्या खान्देशी पोरांसाठी

जळगाव-धुळ्याकडून स्टॅट्स करून हैदराबादला, इंग्लंडच्या बेटिंग कंपन्यांच्या बॅक ऑफिसला इंटरव्ह्यू देणारी पोरं विचारत असतात म्हणून लिहितोय. लगाई-खाई (जिंकेल यावर लावणं, जिंकणार नाही यावर लावणं), ऑड्स म्हणजे भाव, हे येतं असं धरून चालतो. आणि हे जॉबसाठी आहे भो, खेळण्यासाठी नाही. आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंद झालेत, आणि व्हॉट्सॲपवर सट्ट्याचे आयडी वाटणारा चौकातला भाऊ म्हणजे एक्स्चेंज नव्हे, त्याच्या नादी लागलात तर डिग्री राहील बाजूला.

मूळ हिशोब सोपा आहे. बुकमेकर स्वतःचा नफा भावातच घालून ठेवतो, एक्स्चेंज दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आणतं आणि जिंकणाऱ्याच्या नफ्यातून टक्का कापतं. बेटफेअर 2000 साली याच धंद्यावर उभं राहिलं, तिथे बरीच वर्षं नेहमीचा दर 5%, स्मार्केट्स या दुसऱ्या एक्स्चेंजने 2% लावला. आपल्या बाजार समितीत आडत विक्रीच्या पूर्ण रकमेवर बसते, त्या मालात कुणाला नफा होवो न होवो. इथे हरला त्याला कमिशन शून्य.

आता सगळे जिथे आपटतात, मीपण आपटलो, ते म्हणजे "नेट नफा". कशाचं नेट? एका मार्केटचं, म्हणजे ज्या एका प्रश्नावर पैसे लागतात त्याचं. बेटचं नाही, मॅचचं नाही, दिवसाचं तर अजिबात नाही. "कोण जिंकणार" या एकाच मार्केटमध्ये एका बेटवर 300 पौंड आले, दुसऱ्यावर 200 गेले, तर नेट 100, त्यावर 5% म्हणजे 5 पौंड, हातात 95. आता त्याच मॅचमध्ये 300 आले "कोण जिंकणार" मध्ये आणि 200 गेले "एकूण गोल किती" मध्ये, तर ही दोन मार्केट झाली, 300 वर पूर्ण 15 कापले जाणार, हातात 85. मॅच तीच, पैसे तेवढेच. परत वाचा, कारण रिपोर्टमध्ये मॅचनुसार बेरीज करून मग 5% काढलं की आकडे जुळत नाहीत आणि तुम्ही डेटाला शिव्या देत बसता. दोन मार्केटमध्ये 100 आले आणि 100 गेले तर बरोबरी नाही होत, 5 पौंडाने खड्ड्यात असता.

दुसरं, भाव नेहमी कमिशन वजा करून बघा. 2.0 चा भाव (1 पौंड लावून जिंकलात तर मुद्दल धरून 2 परत) 5% नंतर 1.95 उरतो, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला 51.3% वेळा जिंकावं लागतं. इंटरव्ह्यूला विचारतातच, येतं ते, घाबरू नका, इंग्रजी तुटकं असलं तरी आकडा बरोबर आला की समोरचा मान हलवतो.

सतत जिंकणाऱ्यांवर बेटफेअरने 2008 मध्ये वेगळा प्रीमियम चार्ज, म्हणजे कमिशनच्या वर नफ्यातून जादा कापणी, आणला, 2011 मध्ये तो काहींसाठी नफ्याच्या 60% पर्यंत नेला. म्हणून टेलिग्रामवर "एक्स्चेंजमधून महिन्याला लाख" असे कोर्स विकणारे गुरू दिसले की मला हसू येतं, त्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये कमिशनची ओळ कधी दिसते का बघा. मेंटॉर पाहिजेच असेल तर ट्रेडर धरू नका, जिनिंगची खातेवही ठेवलेला एखादा मुनीम धरा, नेट काय असतं ते तो एका दुपारी शिकवेल. आणि फॉर्म्युला आयता कॉपी करायच्या आधी दहा-बारा मार्केट वहीत हाताने सोडवा, त्यात दोन-तीन एकाच मॅचची असू द्या.