पापण्यांच्या मुळाशी चिकटलेला कोंडा: डेमोडेक्स कोणाला त्रास देतो, ते कसं ओळखाल?

पापण्यांच्या कडा लाल, सकाळी उठल्याउठल्या खाज, आणि ॲलर्जीचे थेंब घालूनही फरक नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी त्यांना स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्रासमोर, बसवते आणि खाली बघायला सांगते. समोर बघताना वरच्या पापणीच्या केसांची मुळं नीट दिसत नाहीत. नजर खाली गेली की दिसतं: केसाच्या बुडाला घट्ट बसलेलं मेणचट, पारदर्शक वेढं. साधा कोंडा केसांवर कुठेही सुटा पडतो. हे वेढं मात्र मुळालाच धरून असतं. तसं असेल तर डेमोडेक्स आहेच असं समजा. घरी बघायचं तर हातातला आरसा हनुवटीखाली धरा, चांगला उजेड घ्या आणि खाली बघा.

डेमोडेक्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कोळीवर्गीय किडे. फॉलिक्युलोरम जातीचा किडा ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब, केसांच्या मुळाशी राहणारा. ब्रेव्हिस त्याहून लहान, तो पापणीतल्या तेलग्रंथींत शिरतो. बहुतेक मोठ्या माणसांच्या त्वचेवर हे असतातच, त्यामुळे घाण वाटून घेऊ नका. त्रास होतो तो त्यांची संख्या वाढल्यावर. मग मुळं खरवडली जातात, ग्रंथींची तोंडं बुजतात आणि किड्यांसोबतच्या जिवाणूंमुळे सूज वाढते. वारंवार रांजणवाडी होण्यामागेही हे असू शकतं.

संख्या कोणाची वाढते? वय हे सर्वांत मोठं कारण. तेलकट त्वचा, चेहऱ्यावरचा रोझेशिया (चेहरा लाल करणारा त्वचेचा आजार), मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं ही पुढची. पण मी सर्वांत आधी विचारते ते स्टेरॉइडबद्दल. चेहऱ्याला लावायचं एखादं क्रीम, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले थेंब. लाली दोन दिवसांत उतरते म्हणून माणूस तेच लावत राहतो. आत तिथली प्रतिकारशक्ती दबलेली असते, किडे वाढत राहतात आणि औषध थांबवलं की सूज पुन्हा उसळते. म्हणून तपासणीला येताना घरातल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या सोबत आणा, नावं आठवत बसू नका.

रात्री मस्कारा, आयलायनर न पुसता झोपणं टाळा. कृत्रिम पापण्या लावल्या असतील तर मुळं साफ होत नाहीत. टॉवेल, उशीचा अभ्रा, मेकअपचे ब्रश कोणाबरोबर वाटून घेऊ नका.

एक कळकळीची विनंती: टी ट्री तेल बाटलीतून थेट पापणीला लावू नका. डोळा भाजतो. पापण्यांसाठी तयार केलेले वाइप्स मिळतात, तेही डॉक्टरांना विचारून वापरा. किड्याचं जीवनचक्र दोन ते तीन आठवड्यांचं असतं, त्यामुळे आठवड्याभरात बरं वाटलं म्हणून उपचार सोडला तर उरलेल्या अंड्यांतून नवी पिढी येते. आणि डोळा दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर बुबुळापर्यंत सूज पोचलेली असू शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.