लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडलाय? आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझा टायपिंगचा क्लास आहे. पंधरा लॅपटॉप, सगळे जुने, आणि सकाळी सातपासून त्यांच्यावर बोटं आपटणारी पोरं. त्यामुळं कीबोर्ड उघडणं-बसवणं माझ्या रोजच्या कामातलंच झालंय. तरीही कुणी बिघडलेला लॅपटॉप पुढ्यात ठेवला की पहिली दहा मिनिटं मी एकाही स्क्रूला हात लावत नाही. पुष्कळदा बिघडलेलं काही नसतंच.

मागं कागलहून एक काका पिशवीत लॅपटॉप घालून एसटीनं आले. म्हणाले, "के दाबलं की दोन उमटतंय, एल दाबलं की तीन. गावातला पोरगा म्हणतोय, कीबोर्ड बदला." नंबर लॉक (नम-लॉक) चालू होता, बास! छोट्या कीबोर्डवर जे, के, एल या बटणांवर १, २, ३ आणि यू, आय, ओ वर ४, ५, ६ बसवलेले असतात. एफएन धरून नम-लॉक दाबलं आणि काकांना चहा पाजून परत पाठवलं.

आणखी दोन सोंगं याच जातीची. एक, भाषा बदललेली असते. विंडोज बटणासोबत स्पेस चुकून दाबलं गेलं आणि मराठी इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची मांडणी) सुरू झालं, तर के दाबल्यावर क, एच दाबल्यावर प येतो. लिहिताना हे लगेच दिसतं, पण पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, आणि माणूस म्हणतो, "कीबोर्ड गेला, पासवर्ड घेत नाही." खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषा कुठली आहे ते बघा. दुसरं, फिल्टर की. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ही सोय चालू करायची का असं विंडोज विचारतं, आपण न वाचता एंटर मारतो. मग बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथं ते बंद करा. स्टिकी की (शिफ्ट, कंट्रोल सोडलं तरी दाबलेलंच धरतं) पण तिथंच.

यातलं काही नसेल तर यूएसबीचा साधा कीबोर्ड लावून बघा. त्यावरही तोच घोळ असेल तर दोष विंडोजचा. लॅपटॉप चालू होताना एफ२, डिलीट, एस्केप किंवा एफ१० दाबून (कंपनीप्रमाणे बदलतं) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. तिथं बाण, एंटर नीट चालतात आणि विंडोजमध्ये मात्र चालत नाहीत, तर डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. ड्रायव्हर (कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम) आपोआप परत बसतो. यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

कुठली बटणं मेली, ते कागदावर लिहा

विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. आता लॅपटॉपचं एकेक बटण दाबत जा. जे चालतं ते पडद्यावर उजळतं, जे उजळत नाही ते कागदावर लिहून काढा. हा कंटाळवाणा उद्योग टाळणारे लोकच नंतर नको ते भाग विकत घेतात.

बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ थर असतात आणि त्यांवर आडव्या-उभ्या रेषांची जाळी छापलेली असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष एकमेकींना टेकते. म्हणून एकच बटण मेलं असेल तर त्याच्याखाली कचरा आहे किंवा रबराची टोपी फाटलीय. पाच-सात बटणं एकदम गेली असतील तर एक अख्खी रेष तुटलीय किंवा मदरबोर्डकडं (आतल्या मुख्य बोर्डाकडं) जाणारी पट्टी, म्हणजे चपटी केबल, नीट बसलेली नाही. ही बटणं शेजारी-शेजारी असतीलच असं नाही, कारण जाळीतली रेष आणि बोटाखालची ओळ एक नसते. कुठंतरी वरचं एक, कुठंतरी खालचं एक अशी विखुरलेली बटणं मेलेली बघून मी पूर्वी "व्हायरस असंल" म्हणून विंडोज नव्यानं टाकत बसायचो. दोन दोन तास गेलेत त्यात.

एकाच बटणाचा प्रश्न असेल तर लॅपटॉप बंद करून उलटा धरा आणि मऊ ब्रशनं झाडा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून आलेल्या लॅपटॉपमध्ये लोखंडाचा बारीक कीस असतो. त्यावर फुंकर मारायची नाही, तो आत जाऊन शॉर्ट करतो. बटण उचकटायचंच झालं तर प्लॅस्टिकच्या पातीनं एका बाजूनं हळू उचला. आणि २०१५ ते २०१९ मधल्या मॅकबुकवर बटरफ्लाय पद्धतीची बटणं असतील तर ती उचकटायच्या भानगडीतच पडू नका.

चहा सांडलाय?

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ भातासाठी असतो. पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा उलटा उभा करा आणि शक्य तितक्या लवकर मागचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवा. हेअर ड्रायर नको. चालू करून बघायची खाज तर अजिबात नको.

आपल्या चहात साखर ढीगभर. साखर अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही, हे कुणी सांगत नाही. सगळे "आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारा, आयपीए मारा" म्हणतात. आधी डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, त्यात भिजवून पिळलेल्या ब्रशनं चिकटपणा काढायचा, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ते पाणी उडवायचं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी असतं आणि बहुतेकात ग्लिसरीनही. दुधाचा चहा थरांच्या मधे शिरला असेल तर कीबोर्ड वाचेलच असं नाही. तिथं मदरबोर्ड वाचवणं हेच काम. आणि साखर तशीच राहिली तर लाल मुंग्या येतात. खोटं वाटेल, पण मी आख्खं वारूळ काढलंय.

पट्टी आणि तिचं कुलूप

आता खरी गोष्ट. कीबोर्डाचं नव्वद टक्के नुकसान मी इथंच होताना बघितलंय (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही), आणि त्यातलं पहिलं माझ्याच हातून.

उघडण्याआधी लॅपटॉप टेबलावर ठेवून बाजूनं बघा. टचपॅड किंवा कीबोर्ड मधूनच फुगून वर आलाय का? मग कीबोर्डचा दोष नाही, खाली बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोकदार काही घालू नका, आणि जाणकाराकडं न्या. ती फुटली तर पेटते.

बॅटरी ठीक असेल तर पहिलं काम तिची जोडणी काढणं. जुन्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरून निघतो, पण पट्टीनं खाली बांधलेला असतो. झटक्यात उचललात तर पट्टी फाटली. नव्या लॅपटॉपमध्ये मागचं झाकण काढल्यावर ती दिसते: कागदाइतकी पातळ, टोकाला बहुतेक निळी फीत. दिवे असलेल्या कीबोर्डाला शेजारी आणखी एक अरुंद पट्टी असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून दोन्हींचा फोटो काढून ठेवा.

पट्टी ज्या खाचेत जाते तिला कुलूप असतं, आणि ते एकाच प्रकारचं नसतं. एका प्रकारात काळी किंवा पांढरी बारीक झडप असते, ती नखानं वर उचलली की उभी राहते. ती पट्टीच्या बाजूलाच असेल असं समजू नका, काही खाचांत ती पाठीमागच्या बाजूला असते. दुसऱ्या प्रकारात दोन टोकांना कानासारखे भाग असतात. ते आलटून पालटून मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढं सरकवायचे, पूर्ण बाहेर ओढायचे नाहीत. तिसऱ्यात कुलूपच नसतं, निळ्या फितीला धरून पट्टी सरळ ओढायची. नसलेलं कुलूप शोधत खाच उचकटली तर ती मदरबोर्डवरून उखडून येते, आणि मग हजारांचं काम होतं. म्हणून आधी दोन मिनिटं नुसतं बघा. पट्टी निघायला जोर लागत असेल तर कुलूप उघडलेलं नाही, एवढं पक्कं धरा.

माझी फजिती बसवताना झाली. एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप, दोन दिवसांवर टायपिंगची परीक्षा. पट्टी काढली, साफ केली, बसवली. आधी पाच बटणं मेलेली होती, आता अकरा. म्हटलं, कीबोर्डच गेला. नवा मागवला, बसवला, त्यातही नऊ बटणं मुकी. रात्री अकरा वाजता भिंग घेऊन बघितलं तेव्हा कळलं: पट्टी केसभर तिरकी होती. एका बाजूचे संपर्क टेकत होते, दुसऱ्या बाजूचे हवेत. सरळ करून झडप पाडली, सगळी बटणं चालली. मग जुना कीबोर्ड परत लावून बघितला, तर तोही ठणठणीत. पैसे माझ्या खिशातून गेले, ते बरोबरच झालं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. पट्टीच्या टोकाला पांढरी रेष असेल तर ती खाचेच्या तोंडाला समांतर दिसली पाहिजे, डावीकडं आणि उजवीकडं सारखीच. बाजूनं, वरून, दोन्हीकडून बघायचं, मगच झडप पाडायची. एकही स्क्रू न लावता बॅटरी जोडून सगळी बटणं तपासायची. अठरा स्क्रू लावून मग तपासणारा माणूस अठरा स्क्रू पुन्हा काढतो.

पट्टीचं टोक खोडरबरानं घासा, असा एक सल्ला फार चालतो. रॅमला चालत असेल. कीबोर्डच्या पट्टीवर बऱ्याचदा कार्बनचा काळा थर छापलेला असतो, खोडरबरानं तोच निघून जातो. आयपीए लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं एकदा पुसा, बास.

झडप तुटलीच तर रडत बसू नका. प्लॅस्टिक फोल्डरचा पट्टीएवढा रुंद कपटा कापून संपर्क नसलेल्या बाजूनं पट्टीसोबत आत सरकवा, म्हणजे पट्टी दाबली जाते. वरून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळट चिकटपट्टी). शोभा नाही, पण चालतं.

नवा कीबोर्ड घ्यायचा तर

राजारामपुरीत दुकानात जाताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, काढलेला कीबोर्डच सोबत न्या. मागचा पार्ट नंबर, पट्टी कुठून निघते, एंटरचा आकार, दिवे आणि पॉवरचं बटण, हे सगळं जुळलं पाहिजे. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड प्लॅस्टिकचे खिळे वितळवून बसवलेला असतो. ते तोडून पुन्हा चिकटवण्यापेक्षा वरचं अख्खं पॅनेल घेतलेलं परवडतं.

तोवर एखादं बटण अडलंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या प्रोग्रॅममधून त्याचं काम कमी वापरातल्या दुसऱ्या बटणाला देता येतं. पण लॉगिनच्या पडद्यावर ते लागू होत नाही, म्हणून पासवर्डमधलं अक्षर गेलं असेल तर शार्पकीज हा दुसरा प्रोग्रॅम बरा. आणि एखादं बटण आपोआपच दाबलं जात असेल, "ककककक" अशी रांग लागत असेल, तर पट्टी काढून ठेवा आणि यूएसबी कीबोर्ड लावा. फक्त पॉवरचं बटण कीबोर्डमध्येच नाही ना, ते आधी बघा. आमच्या क्लासातल्या सात नंबरच्या लॅपटॉपवर मी ते न बघता पट्टी काढली होती, आणि सकाळी सातची बॅच आली तेव्हा तो चालूच होईना.