12345678987654321 चे अवयव कॅल्क्युलेटरशिवाय कसे पाडायचे

17 अंकी आकडा बघून लगेच 7 ने भाग, 13 ने भाग असं सुरू करू नका, आधी त्याची ठेवण बघा. 1 पासून 9 पर्यंत चढत गेलाय आणि तसाच उतरलाय, म्हणजे हा 111111111 चा वर्ग आहे. खात्री करायची तर उभा गुणाकार मांडा, नऊ ओळी एकेक घर सरकवून, मधल्या रकान्यात नऊ एकं येतात आणि हातचा कुठेच येत नाही. आपले देवळालीचे गणिताचे मास्तर द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना डेम्लो नंबर म्हटलं, डेम्लो म्हणजे तेव्हाचं डोंबिवली स्टेशन, तिथेच त्यांना ही कल्पना सुचली!

आता फक्त 111111111 फोडायचा. तीन तीनचे गट करा: 111 × 1001001. 111 म्हणजे 3 × 37, ते सोपं. 1001001 ची अंकांची बेरीज 3, म्हणून 3 ने भाग जातो आणि उरतात 333667.

खरी मजा इथे आहे. 333667 मूळ आहे का? वर्गमूळ 577 च्या थोडं पुढे, म्हणजे तसं बघितलं तर शंभरावर मूळ संख्या तपासायला लागतील, पण 333667 ने 999999999 ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे त्याचा कुठलाही मूळ अवयव p घेतला तर 1/p च्या दशांशात नऊ अंकांचाच गट परत परत येणार (एक किंवा तीन अंकांचा गट फक्त 3 आणि 37 ला येतो, आणि दोघांनी भागून 1 बाकी राहते, म्हणून ते बाद). गटाची लांबी p−1 ला भागते, आणि p विषम, म्हणजे p ला 18 ने भागल्यावर बाकी 1 च हवी. मग उरतात 19, 73, 109, 127, 163, 181, 199, 271, 307, 379, 397, 433, 487, 523, 541, 577. बस्स, सोळा भागाकार! 19 ने बाकी 8, 73 ने 57, शेवटी 577 ने 161, मधल्यांपैकी पण एकानेही भाग जात नाही. मूळच आहे.

म्हणजे पूर्ण उत्तर 3⁴ × 37² × 333667². विभाजक किती हवे असतील तर घातांकांत एकेक मिळवून गुणा, 5 × 3 × 3 = 45. वर्गसंख्या आहे म्हणून विषम आले, 111111111 ची जोडी स्वतःशीच लागते ना.

पडताळा एक्सेलमध्ये करू नका प्लीज, ते 15 च अंक धरतं आणि शेवटचे 21 जाऊन 00 दिसतात. पायथनमध्ये बरोबर येतं.

आणि हीच ट्रिक दहा एकांवर लावायला जाल तर मधल्या रकान्यात 10 होतात, हातचा येतो आणि वर्ग 1234567900987654321 असा निघतो, चढताना 8 गायब!