वेबिनार अमेरिकेचा, दळण नाशिकचं: सिलिअॅकबद्दल ऑनलाइन शिकताना या चुका टाळा

मुलाला सिलिअॅक (गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचं कळलं त्या आठवड्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल घेऊन बसायचे. दिसेल तो व्हिडिओ बघायचा, दिसेल त्या वेबिनारला नाव नोंदवायचं. मुक्त विद्यापीठाच्या गावात राहतो, घरबसल्या शिकण्याचं आम्हाला काय अप्रूप! महिन्याभरात दोनशे पानी वही भरली. अमेरिकेतल्या दुकानात ब्रेड कसा निवडायचा ते तोंडपाठ झालं. आपल्या फोडणीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, हे मात्र चार महिन्यांनी कळलं.

त्या चार महिन्यांत मी जे चुकले आणि ओळखीच्या आणखी दोन-तीन घरांत जे चुकताना पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

तपासणीआधीच गहू बंद करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'पंधरा दिवस ग्लूटेन सोडून बघा, बरं वाटलं तर तुम्हाला सिलिअॅक आहे' असं सांगणारा व्हिडिओ तिथेच बंद करा. गहू सोडल्यावर पोट हलकं वाटण्याची कारणं अनेक असतात. गव्हाची अॅलर्जी वेगळी, नुसतं न सोसणं वेगळं आणि सिलिअॅक वेगळा. सिलिअॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते.

त्याची पहिली तपासणी रक्ताची असते, टीटीजी-आयजीए; स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत ते तिच्यात कळतं. सोबत एकूण आयजीएही (हा अँटिबॉडीचा एक प्रकार) बघतात, कारण तेच मुळात कमी असेल तर पहिला आकडा फसवा निघतो. पुढे बहुतेकांना एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासावे लागतात. या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच करायच्या. आधीच सोडला तर अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट 'सगळं ठीक' म्हणतो. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे गहू खायचा आणि नव्याने त्रास सोसायचा. आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलीला हे करावं लागलं. ऐन परीक्षेत.

जनुकांची तपासणी ऑनलाइन जोरात विकली जाते. ती नकारार्थी आली तर सिलिअॅक जवळपास नाहीच असं म्हणता येतं, एवढाच तिचा उपयोग. ती जनुकं शंभरातल्या तीस-चाळीस जणांत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांची टीटीजी मात्र करून घ्या, त्रास नसला तरी.

शब्द जसेच्या तसे उतरवून घेणं

एका हिंदी व्हिडिओत बाईंनी सांगितलं, 'गेहूँ, जौ और राई बंद.' मी वहीत लिहिलं: गहू, जव, राई. राई म्हणजे मोहरी, असं समजून तीन आठवडे आमच्याकडे फोडणीत मोहरी पडली नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, भाजीला आज तडतड का नाही?" त्या बाईंना म्हणायचं होतं राय, म्हणजे युरोपात ब्रेडसाठी पिकवतात ते धान्य. ते आपल्या स्वयंपाकघरात नसतंच. मोहरी बिनधास्त वापरा.

तसंच जव आणि जवस. जव म्हणजे बार्ली, ती नको. जवसाची चटणी चालते. बकव्हीटच्या नावात 'व्हीट' असलं तरी तो कुट्टू आहे, त्यात ग्लूटेन नाही.

सातूची गंमत याच्या उलट आहे. उत्तरेकडचे लोक 'सत्तू खाओ' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हरभऱ्याच्या पिठाबद्दल बोलत असतात. कोशात सातू म्हणजे जव. आणि आपल्या घरी सातूचं पीठ करतात ते भाजलेला गहू आणि डाळ मिळून. एकच शब्द, तीन वस्तू, त्यातल्या दोन मुलाला चालत नाहीत.

मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो. रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळे गव्हाचेच, पण 'आम्ही गहू बंद केलाय' म्हणणाऱ्या घरात प्रसादाचा शिरा सर्रास दिला जातो. आणि खपली! 'खपली गहू जुना, देशी, त्यात ग्लूटेन कमी' असे व्हिडिओ आपल्याकडे ढिगाने आहेत. मधुमेहाबद्दल त्यांचं काय म्हणणं असेल ते असो, सिलिअॅकला खपली पूर्ण वर्ज्य. तोही गहूच आहे.

परदेशी रेसिपींच्या नादात महागडी पिठं मागवण्याआधी आपल्या जिल्ह्याकडे बघा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, पेठ-सुरगाण्याकडची नागली, वरई. उपासाचा राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा. यातल्या कशातच मुळात ग्लूटेन नाही. मिसळीला पावाऐवजी भाकरी घेता येते, पण फरसाण कशाचं आणि कोणत्या तेलात तळलंय हे विचारूनच. (मोठ्यांसाठी जाता जाता: नाशिकची वाइन चालते, कारण ती द्राक्षांची. बिअर बार्लीची, म्हणून नाही.)

वेळ आणि विक्रेता न बघणं

अमेरिकेतला 'दुपारी 1, इस्टर्न टाइम'चा वेबिनार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री 10:30 ला लागतो आणि हिवाळ्यात 11:30 ला, कारण ते घड्याळं मागेपुढे करतात आणि आपण करत नाही. मी दोनदा तासभर आधी येऊन बसले. नाव नोंदवलं की बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग मिळतं, जागरण नको.

कोण शिकवतंय ते बघा. सिलिअॅक सोसायटी ऑफ इंडिया, अमेरिकेची सिलिअॅक डिसीज फाउंडेशन आणि बियॉन्ड सिलिअॅक, ब्रिटनची सिलिअॅक यूके यांच्याकडची मूलभूत माहिती भरवशाची आहे. शेवटी गोळ्यांची बाटली दाखवणारा 'मोफत कोर्स' सोडून द्या. गहू खाऊनही त्रास होणार नाही अशी गोळी आज तरी उपलब्ध नाही.

एकट्यानेच शिकणं

वही माझ्याकडे आणि स्वयंपाक सासूबाईंच्या हातात, असं आमच्याकडे बरेच दिवस चाललं. त्या म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हते असले आजार." मी त्यांना सांगितलं, "अहो आई, डिके नावाच्या डच डॉक्टरांनी गव्हाचा हा दोष 1950 मध्येच लिहून ठेवलाय." त्यावर त्या म्हणाल्या, "असेल. पण निफाडला आमच्याकडे पोळी सणालाच व्हायची, रोज भाकरीच." म्हणजे मी ज्यासाठी रात्री जागत होते तो स्वयंपाक त्यांना लहानपणापासून येत होता! तेव्हापासून व्हिडिओ आम्ही टीव्हीवर लावून दोघी बघतो.

सगळं पाळूनही रिपोर्ट उतरत नाही?

टीटीजीचा आकडा एका महिन्यात उतरत नाही. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सुरुवातीला पोट बिघडलेलंच राहिलं तर दुधाबद्दल डॉक्टरांना विचारा, आतडं सुजलेलं असताना दूध काही काळ पचत नाही. पण सहा महिन्यांनीही आकडा जागचा हलत नसेल, तर ग्लूटेन कुठून तरी पोटात जातंय असं धरून शोधाला लागा. आमच्याकडे ते दोन वाटांनी येत होतं.

पहिली वाट हिंगाची. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. तो उग्र असतो म्हणून पीठ आणि डिंक घालून सौम्य केलेला असतो आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीवर घटक लिहिलेले असतात, तांदळाच्या पिठाचा बघून घ्या.

दुसरी वाट गिरणीची, आणि हिच्याबद्दल मला एकाही वेबिनारमध्ये ऐकायला मिळालं नाही. मी एकदा प्रश्नोत्तरांत विचारलं तर उत्तर आलं, 'पीठ दुकानातून का घेत नाही?' त्यांना दळण ही गोष्टच माहीत नव्हती. आपण ज्वारी नीट निवडतो, त्यात चुकून आलेले गव्हाचे दाणे काढतो आणि ती गव्हाच्या पाठोपाठ गिरणीत टाकतो. दगडांच्या खाचांत, पीठ डब्यात पडतं त्या कापडी नळीत आधीचा गहू बसलेला असतोच. 'ग्लूटेन फ्री' म्हणायला आपल्याकडे आणि जगभरात बरीचशी एकच मर्यादा आहे, किलोला 20 मिलिग्रॅम ग्लूटेन. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरून हिशेब केला तर एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं की ही मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नाही.

आमचे गिरणीवाले दादा भले माणूस. म्हणाले, "ताई, सकाळी पहिलं दळण तुमचंच घेतो." पण आदल्या रात्रीचा गहू गिरणीत असतोच. आधी दोन किलो तांदूळ दळून गिरणी साफ केली तर प्रमाण कमी होतं, खात्री मिळत नाही. शेवटी घरघंटी घेतली, फक्त मुलाच्या धान्यासाठी. पुढच्या खेपेला आकडा पहिल्यांदा निम्म्यावर आला.

घेण्याआधी जाऊबाईंनी त्यांची जुनी घरघंटी देऊ केली होती, फुकट, ओझरहून स्वतः आणून. नको म्हणताना जिवावर आलं. तिच्यात दहा वर्षं गहूच दळला गेला होता.